चित्रकार व्हायचं राहून गेलं, पण काटकोनानं घडवलं: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

मुंबई-गोवा महामार्गानं पनवेल सोडलं की शिरढोण लागतं आणि पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका दिसायला लागतो. शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, हे बहुतेकांना माहीत असतं. या भागाची आणखी एक ओळख मात्र आता कुणाच्या लक्षात नाही. इंग्रजांच्या काळात पनवेल प्रसिद्ध होतं ते बैलगाडीच्या चाकांसाठी.

कोकणातून घाटावर जाणारा गाडीवान पनवेलात चाकांची जोडी घेतल्याशिवाय सहसा पुढे जात नसे, अशी नोंद त्या वेळच्या गॅझेटियरमध्ये आहे. चाकं घाटावर मिळत नव्हती असं नाही. पण भरल्या गाडीनं बोरघाट चढताना चाक निखळलं तर माल, बैल आणि माणूस तिन्हींवर बेतायचं. त्यामुळे घेताना दोन पैसे वाचले, याला काही अर्थ नव्हता.

स्वस्त घ्यावं की चांगलं घ्यावं, हा प्रश्न आजही पनवेल-तळोज्याच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये रोज पडतो. उदाहरण म्हणून साधा गुण्या घ्या. शाळेच्या कंपासपेटीत असायचा तोच, फक्त पोलादाचा. काटकोन बरोबर आहे का, एवढंच तो सांगतो. दुकानात तो काही शे रुपयांनाही मिळतो आणि काही हजारांनाही. दिसायला दोन्ही सारखेच. मग जास्त पैसे कशाचे द्यायचे?

या प्रश्नावर ज्यानं आयुष्य घालवलं असा एक मराठी माणूस होऊन गेला. त्याला ना इंजिनिअरिंगची पदवी होती, ना घरात कारखानदारी. त्यांचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

रंगांनी दगा दिला

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचं मन मात्र पोथीतही रमेना आणि शाळेतही रमेना. त्याला दोनच गोष्टींचं वेड होतं: चित्रं काढणं आणि यंत्रांशी खेळणं.

मुलानं चित्रकार व्हावं ही कल्पना वडिलांना पसंत नव्हती. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं, की काही रंगांमधला फरक त्यांना कळतच नाही. ते अंशतः रंगांध होते. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलासाठी याहून वाईट बातमी नव्हती. घरच्यांचा विरोध पत्करून, भावाच्या जिवावर मुंबई गाठलेली, आणि आता हा रस्ता बंद झालेला.

पण एक प्रकारचं चित्र असं होतं ज्याला रंग लागत नाहीत. ते म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, यंत्रांचे आराखडे. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा आणि प्रत्येक रेघेला माप. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली.

भायखळ्याचे ड्रॉइंग मास्तर

मुंबईत नुकतीच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आजची माटुंग्याची व्हीजेटीआय ती हीच, तेव्हा ती भायखळ्याला होती. तिथं लक्ष्मणरावांना मेकॅनिकल ड्रॉइंगचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

या विषयाची सुरुवातच काटकोनापासून होते. ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला टी-स्क्वेअर टेकवायचा, त्यावर सेट-स्क्वेअर म्हणजे गुण्या ठेवायचा आणि उभी रेघ मारायची. बोर्डाची कडच सरळ नसेल तर पुढची प्रत्येक रेघ चुकते. चूक कागदावर असेपर्यंत खोडरबरानं पुसता येते. तीच लोखंडात उतरली की सगळा तुकडा भंगारात जातो.

लक्ष्मणराव नुसतं ड्रॉइंग शिकवून थांबले नाहीत. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं होती. फावल्या वेळात तिथं जाऊन ते स्वतः हात काळे करायचे. यंत्र उघडायचं, भाग समजून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचं. वाचायचंही भरपूर. अशा रीतीनं ड्रॉइंगचा मास्तर हळूहळू मेकॅनिक झाला.

याच काळात त्यांनी मुंबईत सायकल पाहिली. सायकल तेव्हा नवलाईची आणि महागाची वस्तू. त्यांनी रामूअण्णांना बरोबर घेतलं आणि १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा तिकडे विकायचे आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव लागलं ते या दुकानापासून.

एक अंश चुकला तर काय होतं?

इथं थोडं थांबून गुण्याचं गणित समजून घेऊ, कारण लक्ष्मणरावांच्या पुढच्या सगळ्या धडपडीच्या मुळाशी तेच आहे.

समजा गुण्या ९० ऐवजी ९१ अंशाचा आहे. डोळ्याला फारसं जाणवणार नाही. पण ३०० मिलिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढ्या लांबीवर गेलात की कड ५ मिलिमीटरहून जास्त बाहेर जाते. चूक अंशाच्या दहाव्या भागाएवढी असली तरी अर्धा मिलिमीटर सरकतो. खिडकीच्या चौकटीला ते चालून जाईल. बेअरिंग बसवायचं असेल तर मुळीच चालणार नाही.

म्हणून गुण्यांच्या प्रती ठरवून दिलेल्या असतात. जर्मनीचं डीआयएन ८७५ हे मानक जगभर वापरलं जातं. त्यात चार प्रती आहेत. १०० मिलिमीटर लांबीच्या गुण्याला सर्वांत वरच्या, म्हणजे दुहेरी शून्य प्रतीत, फक्त ३ मायक्रॉनची चूक माफ असते. शून्य प्रतीत ७, पहिल्या प्रतीत १५ आणि दुसऱ्या प्रतीत ३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून अंदाज येईल.

जास्तीचे पैसे चकाकीसाठी मोजायचे नसतात, या खात्रीसाठी मोजायचे असतात. पोलाद कडक केलेलं आहे का, म्हणजे कड लवकर झिजणार नाही. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही काटकोन घासून नेमके केलेत का. त्यावर मानकाची प्रत कोरलेली आहे का आणि सोबत तपासणीचा दाखला आहे का.

सरकती पट्टी असलेला कॉम्बिनेशन स्क्वेअर तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेतल्या लरॉय स्टॅरेट यानं १८७० च्या दशकाच्या अखेरीस तो आणला. पट्टी, काटकोन आणि ४५ अंश एकाच अवजारात मिळतात, त्यामुळे रोजच्या आखणीला तो सोयीचा. पण सरकणारा भाग आला की झीज आली. शेवटची तपासणी करायची तर अखंड, न हलणारा पोलादी गुण्याच विश्वासाचा.

आणि महागडा दाखला नसला तरी कुठलाही गुण्या दुकानातच तपासता येतो. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवा आणि बारीक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी गुण्याची चूक. सुतार ही परीक्षा पिढ्यानपिढ्या करत आलेत.

बढती नाकारली गेली

मुंबईत लक्ष्मणरावांचं चांगलं चाललं होतं. संस्थेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. काम येत होतं, अनुभव होता. पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. साहेबाच्या राज्यात कसबापेक्षा कातडीचा रंग महत्त्वाचा, हे त्यांना कळून चुकलं.

१८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पक्की नोकरी सोडून ते बेळगावला भावाकडे परतले. सायकलींवर आता भागणार नव्हतं. त्यांना विकायच्या वस्तू स्वतः बनवायच्या होत्या.

छोटं वर्कशॉप उभं राहिलं. सुरुवात झाली कडबा कापायच्या यंत्रापासून. बैलांना अख्खा कडबा टाकला तर निम्मा पायदळी जातो. बारीक कापून टाकला तर वाया जात नाही. शेतकऱ्याला फायदा लगेच डोळ्यांनी दिसत होता. पुढे लक्ष्मणरावांनी हात घातला तो लोखंडी नांगराला.

नांगर तयार, गिऱ्हाईक नाही

त्या काळी आपल्याकडे नांगर लाकडी. तो जमीन उकरायचा, पण खालची माती वर आणून पालथी घालायचा नाही. विलायती लोखंडी नांगर ते काम करायचे. पण ते महाग, आणि मोडले तर सुटे भाग मिळायची मारामार. आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना झेपेल असा नांगर इथंच करायचा, असं लक्ष्मणरावांनी ठरवलं.

नांगर झाला. विकला मात्र जाईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं तयार माल पडून, भांडवल अडकलेलं, आणि घरखर्च मात्र चालूच.

शेतकऱ्याची शंका केवळ अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्यासारखीही नव्हती. लाकडी नांगर गावातला सुतार बलुत्यात करून द्यायचा आणि मोडला तर दुरुस्तही करायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे लागणार. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर जायचं कुणाकडे?

याचं उत्तर भाषणानं देता येत नव्हतं. ते कारखान्यातच द्यावं लागणार होतं. ओतीव लोखंडाचा फाळ ठिसूळ झाला तर दगडाला लागून मोडतो आणि मऊ राहिला तर लवकर झिजतो. दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत ओतकाम सुधारत राहायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुटा भाग कुठल्याही नांगराला बसला पाहिजे. बोल्टाची भोकं प्रत्येक फाळात नेमक्या त्याच जागी आणि नेमक्या त्याच कोनात पडली पाहिजेत. नाहीतर नवा फाळ आणूनही शेतकऱ्याला तो कानशीनं घासत बसावं लागणार.

म्हणजे बेळगावच्या वर्कशॉपमधल्या काटकोनावर दूरच्या शेतातली पेरणी अवलंबून होती. ड्रॉइंग बोर्डावर घालवलेली वर्षं इथं कामाला आली.

निवडुंगाच्या माळावर

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं होतं, तेवढ्यात नवं संकट आलं. वर्कशॉपची जागा नवी वसाहत करण्यासाठी बेळगाव नगरपालिकेला हवी होती. जागा खाली करण्याचा हुकूम आला. यंत्रं, माणसं आणि उधारी घेऊन जायचं कुठे?

त्या सुमारास लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात बांधकामाचं काम घेतलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे जाणकार. त्यांनी या माणसाची अडचण ओळखली आणि संस्थानातली जागा देऊ केली, शिवाय बिनव्याजी कर्जही दिलं. जागा होती कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर. माळरान, निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य. पाण्याचीही टंचाई.

१९१० मध्ये मोजकी माणसं आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव या माळावर उतरले. सुरुवातीला तंबू आणि झोपड्या. आधी निवडुंग तोडायचा आणि मग कारखान्याची भिंत घालायची. जमशेदपूरला पोलादाचं पहिलं उत्पादन १९१२ मध्ये निघालं. त्याच्या आधीच सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात एक मराठी उद्योगनगर उभं राहत होतं. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

माणसं निवडण्याची लक्ष्मणरावांची पद्धत वेगळीच होती. त्यांचे जवळचे सहकारी फार शिकलेले नव्हते. एकेकाळी दरोडे घालून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीचे पहारेकरी नेमलं, आणि त्यांनी विश्वास राखला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. आजूबाजूच्या गावांत त्या काळी हे ऐकूनही लोक दचकले असते.

युद्धानं शिकवलेला धडा

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायतेतून येणारे नांगर थांबले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच बोटींतून येणारा कच्चा मालही थांबला. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंग मिळेना. मागणी दारात उभी आणि माल बनवायला काही नाही, अशी स्थिती झाली.

या काळात कारखान्यानं मिळेल त्या सामग्रीतून वाट काढली. तरी एक गोष्ट पक्की ध्यानात आली. नुसती वस्तू इथं बनवून भागत नाही. ती बनवणारी यंत्रं आणि त्यांना लागणारा माल बाहेरून येत असेल, तर दोरी दुसऱ्याच्या हातात राहते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केलं. आरंभ कारखान्याच्या मालाच्या प्रचारासाठी झाला, पण पुढे त्याचं किर्लोस्कर मासिक झालं. मग स्त्री आणि मनोहर आली आणि मराठी घराघरांत पोचली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकायला गेला आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतला. ज्याला स्वतःला पदवी नव्हती त्या बापानं मुलाला जगातल्या नामांकित संस्थेत धाडलं होतं. याच दशकात पंप आले. विहिरीतलं पाणी मोटेऐवजी पंपानं उपसायचे दिवस सुरू झाले.

खरी कसोटी: लेथ

नांगरात मिलिमीटरभर चूक पचून जाते. पंपात पचत नाही. आणि लेथमध्ये तर बिलकूल नाही. लेथ ही यंत्रांची आई. तिच्यावर दुसऱ्या यंत्रांचे भाग कातले जातात. आईतच खोट असेल तर ती प्रत्येक लेकरात उतरते.

लेथवर फिरणारा जॉब आणि त्याला आडवं कापणारी स्लाइड एकमेकांना काटकोनात असावी लागतात. तशी नसतील तर सपाट म्हणून कापलेला चेहरा सपाट येतच नाही. त्यात एक गंमत आहे. हा चेहरा किंचित खोलगट आला तर चालतो, फुगीर आलेला चालत नाही. खोलगट चेहरा बाहेरच्या कडेवर स्थिर बसतो. फुगीर चेहरा मध्यावर डुगडुगतो. म्हणून चूक किती एवढंच बघून चालत नाही. ती कोणत्या बाजूची, हेही तपासावं लागतं.

१९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला आणि तिथं लेथ बनू लागले. पुढे कित्येक दशकं देशभरच्या वर्कशॉपमध्ये आणि आयटीआयमध्ये टर्नर मुलांचे हात याच नावाच्या लेथवर बसले. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली. इंजिन, मोटर, पंप आणि ते सगळं बनवायला लागणारा लेथ. युद्धात शिकलेला धडा आता पुरा झाला होता.

राखेतून पुन्हा

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर दंगली उसळल्या. त्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली आणि कारखान्याचं मोठं नुकसान झालं. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. माळावर स्वतःच्या हातांनी उभं केलेलं गाव त्यांना या वयात जळताना पाहावं लागलं. कारखाना पुन्हा उभा राहिला. बहुतेक कारभार तोवर पुढच्या पिढीच्या हाती गेला होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

त्यांच्या आयुष्यात रंगांधपणा, नाकारलेली बढती, न विकला जाणारा नांगर आणि काढून घेतलेली जागा यांची रांगच लागलेली दिसते. यातली एकही अडचण त्यांनी स्वस्तातला माल करून सोडवली नाही. देशी म्हणून घ्या, असं गिऱ्हाइकाला विनवण्याऐवजी वापरून बघा, असं सांगता येईल इतकी वस्तू सुधारायची, हाच त्यांचा मार्ग होता. पहिल्या नांगराला दोन वर्षं वाट पाहावी लागली, त्यानंतर मात्र शेतकऱ्यानं नाव बघून नांगर घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात दोन गुण्यांच्या किमती बघून बुचकळ्यात पडलात, तर आधी आपलं काम काय ते ठरवा. फळी कापायची असेल तर साधा गुण्या पुरेल, फक्त तो उलटा करून तपासून घ्या. मशिनचा भाग जुळवायचा असेल तर प्रत कोरलेला, कडक केलेल्या पोलादाचा घ्या, तेल पुसून पेटीत ठेवा आणि हातोड्यासारखा वापरू नका. एकदा खाली आपटला की तो कितीही महाग असला तरी पुन्हा तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.